दोष सेन्सरचा की खाऱ्या हवेचा?

अलिबाग-मुरूडच्या पट्ट्यात दहा-पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी वापरणाऱ्यांना डॅशबोर्डवरचा तो केशरी दिवा चांगला ओळखीचा असतो. इंजिनाचं छोटंसं चित्र, कधी त्यावर ‘चेक’ हा शब्द. दिवा लागतो, गाडी मात्र चालत राहते. काही दिवसांनी ॲव्हरेज उतरल्याचं लक्षात येतं, सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी दिसू लागते, वडखळच्या रांगेत उभं असताना इंजिन मध्येच गचके देतं. मग गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, पडद्यावर ‘ऑक्सिजन सेन्सर’ हे शब्द उमटतात आणि दोन-चार हजारांचा नवा सेन्सर बसतो. कधी दिवा कायमचा विझतो. पुष्कळदा महिन्याभरात पुन्हा लागतो.

पुन्हा लागतो, कारण सेन्सर खराब झाला आहे असं स्कॅनरने म्हटलेलंच नसतं. सेन्सरकडून येणारा आकडा इंजिनाच्या संगणकाला पटला नाही, एवढंच त्याने कळवलेलं असतं. तो आकडा का बिघडला हे शोधायचं काम माणसाचं. ते न करता सेन्सर बदलणं म्हणजे साक्ष गैरसोयीची वाटली म्हणून साक्षीदारालाच आत टाकण्यासारखं आहे. रायगडच्या किनाऱ्यावर तर ही चूक जास्तच महागात पडते. इथली हवा, इथला पाऊस आणि गाडी जपण्याच्या इथल्या काही सवयी सेन्सरच्या आजूबाजूच्या सगळ्या वस्तू आधी खातात.

हा सेन्सर दिसायला स्पार्क प्लगचा भाऊ. इंजिनातून जळका वायू बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डवर किंवा त्यालगतच्या पाइपवर तो आट्यांनी बसवलेला असतो. त्याच्या टोकाशी झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचं टोपण असतं, त्यावर आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर. टोपणाच्या बाहेर जळका वायू, आत साधी हवा. सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या वर तापलं की हे सिरॅमिक ऑक्सिजनचे विद्युतभारित कण आरपार जाऊ देतं आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत तितकं व्होल्टेज तयार होतं. जळक्या वायूत ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी असेल, तर सुमारे ०.१ व्होल्ट. ऑक्सिजन संपलेला असेल, म्हणजे पेट्रोल जास्त पडत असेल, तर सुमारे ०.९. गॅरेजच्या भाषेत पहिलं ‘लीन’, दुसरं ‘रिच’. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. संगणक या व्होल्टेजवर नजर ठेवून पेट्रोलची फवारणी सेकंदासेकंदाला कमी-जास्त करतो आणि मिश्रण त्या प्रमाणाच्या आसपास ठेवतो.

यामागचं गणित जर्मन रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर नर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलं. याच नर्न्स्ट यांनी पुढे एक विजेचा दिवा बनवला आणि त्यात तापून उजळणारी कांडी झिर्कोनियाचीच वापरली. १९२० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. मोटारीत मात्र हे ज्ञान उतरायला १९७६ साल उजाडलं. कॅलिफोर्नियाचे धुराचे नियम कडक झाले होते, आणि तिथे विकायच्या व्होल्वो गाड्यांवर बॉश कंपनीचा पहिला सेन्सर बसला. झिर्कोनिया ज्या झिरकॉन खनिजापासून मिळतं ते समुद्रकाठच्या वाळूत सापडतं. केरळमधल्या चवऱ्याच्या किनाऱ्यावर ते काढलं जातं. किनाऱ्याच्या वाळूतून निघालेली ही वस्तू किनाऱ्याच्या हवेत हैराण होते.

भारतात सेन्सर यायला आधी पेट्रोलमधलं शिसं जावं लागलं, कारण शिसं सेन्सर आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या दोघांच्याही प्लॅटिनमवर बसून त्यांना निकामी करतं. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आलं. १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झालं. कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं तंत्र, आलं तेही याच सुमारास. सँट्रो १९९८ मध्ये तेच घेऊन उतरली, पाठोपाठ मारुती ८०० लाही ते मिळालं. आज पेणच्या आरटीओची एमएच-०६ पाटी लावून फिरणाऱ्या जुन्या गाड्यांतल्या बहुतेक सगळ्या या पिढीच्या किंवा तिच्या नंतरच्या आहेत, आणि त्यांच्या पोटाखाली निदान एक तरी ऑक्सिजन सेन्सर आहे.

आता किनाऱ्याकडे येऊ. खारं वारं पत्रा खातं हे कोकणात कुणाला शिकवायला नको. पण ते सेन्सरपर्यंत कोणत्या वाटेने पोचतं, हे पाहण्यासारखं आहे. पहिली वाट सायलेन्सरच्या पाइपाची. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. चौलहून रेवदंड्याच्या बाजारापर्यंत जाऊन यायचं एवढाच ज्या गाडीचा रोजचा प्रवास, तिचा पाइप ते पाणी वाफ करून उडवण्याइतका तापतच नाही. पाइप आतून त्या आंबट पाण्याने गंजतो, बाहेरून मिठाने. सांध्यावरचं गॅस्केट सुटतं, मॅनिफोल्डच्या बोल्टांची पकड जाते आणि एक बारीक फट पडते. त्या फटीतून वायू बाहेर जातो एवढंच नव्हे. इंजिनाचा धूर धक्क्याधक्क्याने वाहतो आणि दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेहूनही खाली जातो, तेव्हा फट बाहेरची हवा आत ओढते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो. तो प्रामाणिकपणे ‘लीन’ सांगतो, संगणक पेट्रोल वाढवतो, आणि मुळात ठीक असलेलं मिश्रण खरंच रिच होतं. ॲव्हरेज पडतं, काजळी धरते. सेन्सर नवा आणला तरी तोही हेच सांगणार.

दुसरी वाट जोडणीची. सेन्सरचा सिग्नल एका व्होल्टच्याही आतला. हेडलाइटच्या बारा व्होल्टच्या जोडणीत थोडं गंजलेलं खपून जातं, इथे हिरवट थराचा ठिपकाही आकडा बिघडवतो. शिवाय नारळी-पोफळीच्या वाडीत आठवडाआठवडा उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. किनाऱ्यावर घरं घेतलेल्यांच्या दुसऱ्या गाड्यांचं, शनिवार-रविवारीच सुरू होणाऱ्यांचं, हे नेहमीचं दुखणं आहे. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुरात महाड शहर बुडालं, तशा पुरात पाण्याखाली गेलेली गाडी धुऊन-पुसून सुरू झाली तरी वायरींच्या जुडग्यात शिरलेलं पाणी पुढे कित्येक महिने आपलं काम करत राहतं.

तिसरी वाट थेट समुद्राची. वाळूवर गाडी उतरवणारे आणि भरतीत अडकणारे पर्यटक दर हंगामात बातम्यांत येतात. लाल तापलेल्या सिरॅमिकवर गार पाणी पडलं की त्याला तडा जाऊ शकतो. पावसात तुंबलेल्या रस्त्यावरून जोरात गाडी काढतानाही हाच धोका. असा तडकलेला सेन्सर मात्र खरोखरच गेलेला असतो.

याहून वाईट वाटतं ते काळजीपोटी होणाऱ्या नुकसानाचं. सेन्सरच्या टोपणाच्या आत जी साधी हवा लागते ती येते कुठून? पुष्कळ सेन्सरमध्ये ती वायरीच्या तारांमधल्या पोकळीतून, कनेक्टरच्या बाजूने आत जाते. काहींत सेन्सरच्या अंगावरच त्यासाठी बारीक वाट ठेवलेली असते. पावसाळ्याआधी कोकणात गाडीला खालून गंजरोधक थर मारून घेतात, आणि ते योग्यच आहे. पण फवारा सेन्सरवर गेला तर त्याचा श्वास कोंडतो. गंज नको म्हणून कनेक्टरमध्ये ग्रीस ठासलं, किंवा तुटलेली वायर सोल्डरने जोडली, तरी हीच गत. आतल्या हवेची वाट बंद झाली की बाहेरच्या वायूशी तुलना करायला काही उरत नाही आणि आकडा कायम खाली राहतो. म्हणून थर मारण्याआधी सेन्सर कापडाने आणि प्लॅस्टिकने झाकायला सांगावा, काम होताच ते आवरण आठवणीने काढावं, आणि तुटलेली वायर सोल्डर न करता दाबून बसवायच्या जोडाने सांधावी.

जिथे तपास हमखास चुकतो असा आणखी एक मुद्दा आहे. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. एखादा प्लग किंवा कॉइल मार खात असेल, गाडी ‘मिसिंग’ करत असेल, तर त्या सिलिंडरमधलं पेट्रोलही जळत नाही आणि ऑक्सिजनही. तो सगळा ऑक्सिजन पाइपात येतो, सेन्सर ‘लीन’ म्हणतो. हवेचा रबरी पाइप उन्हाने-उष्णतेने चिरला असेल, पेट्रोल पंपाचा दाब कमी झाला असेल, तरीही ‘लीन’. गेल्या दोन-तीन वर्षांत यात इथेनॉलची भर पडली आहे. इथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के ऑक्सिजनच असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी पुरते आणि तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलला १४.७ च्या जागी साधारण साडेतेरा पट हवा पुरते. जुन्या गाडीचा संगणक फवारणी वाढवून हे सांभाळून घेतो, पण सांभाळायची त्याची मर्यादा आधीच निम्मी वापरली गेली असेल, तर एक छोटी फटही दिवा पेटवायला पुरेशी ठरते. सीएनजीचं किट नंतर बसवलेल्या गाडीत तर आधी हे पाहावं लागतं की किटवाल्याने सेन्सरची वायर कुठे कापली आणि कुठे जोडली.

मग तपास करायचा कसा? सुरुवात कोड वाचण्यापासून, पण गाडी कोणत्या काळातली ते आधी पाहून. बीएस-४ (भारत स्टेज-४ या धुराच्या नियमांतल्या) गाड्यांना दोष नोंदवणारी ओबीडी यंत्रणा १ एप्रिल २०१० पासून आली आणि तिचा दुसरा, अधिक बारकाईचा टप्पा एप्रिल २०१३ पासून. मात्र २०१० मध्ये बीएस-४ आलं ते मुंबई, पुणे, सोलापूर धरून १३ शहरांत. देशभर यायला एप्रिल २०१७ लागला. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत, एक मुंबईत घेतलेली आणि एक रायगडात, सेन्सरची संख्या आणि यंत्रणा वेगळी असू शकते. फोनला ब्लूटूथने जोडायचा स्वस्त स्कॅनर २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांशी बोलतो, २०१० पूर्वीच्या पुष्कळ गाड्यांशी बोलत नाही. त्याहून जुन्या सुझुकी इंजिनांत तर तपासणीच्या कनेक्टरमध्ये वायरचा तुकडा लावून दिव्याचे झपके मोजावे लागतात. एक झपका, मग दोन, म्हणजे १२: सारं ठीक. एक आणि तीन, म्हणजे १३: ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल. जुने मेकॅनिक हे झपके आजही तोंडपाठ वाचतात.

कोडचा आकडा नीट वाचला तर अर्धं काम होतं. पी०१३५ हा सेन्सर तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटचा. इथे सेन्सरला हात लावण्याआधी फ्यूज पाहावा. पी०१३३ म्हणजे सेन्सरचा प्रतिसाद मंद, पी०१३४ म्हणजे हालचालच नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन, पी०१७२ म्हणजे रिच. शेवटच्या दोघांवरून सेन्सर बदलायला सांगितला गेला, तर तिथेच थांबून कारण विचारावं. आणि कोड लगेच पुसू देऊ नये. दोष आला त्या क्षणी इंजिन किती तापलेलं होतं, किती फेऱ्यांवर होतं, ही नोंदही त्याच्यासोबत पुसली जाते.

दुसरी पायरी डोळे आणि कान. गाडी रात्रभर थंड झालेली असताना सुरू करून मॅनिफोल्डजवळ ऐकावं. बारीक टिकटिक किंवा फटफट येत असेल आणि पाइप तापल्यावर ती कमी होत असेल, तर फट आहे. सांध्यावर काजळीचा पट्टा दिसला तर शंकाच नको. सेन्सरपासून निघणारी वायर शेवटपर्यंत हाताने चाचपावी, पण इंजिन थंड असतानाच. कनेक्टर उघडून पितळी पिना पाहाव्यात. या सगळ्याला एक टॉर्च आणि पंधरा मिनिटं लागतात, आणि किनाऱ्यावरच्या गाड्यांत गुन्हेगार इथेच सापडण्याची शक्यता मोठी.

तिसरी पायरी मीटरची. डिजिटल मल्टिमीटरच घ्यावा, काट्याचा जुना मीटर इतका नाजूक सिग्नल स्वतःच ओढून घेतो. चार वायरींच्या सेन्सरमध्ये बहुधा दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी अर्थिंगची असते. जपानी डेन्सो कंपनीच्या सेन्सरचे रंग वेगळे, म्हणून आकृती पाहून खात्री करावी. कनेक्टर सोडवून, थंड सेन्सरच्या हीटरच्या दोन टोकांमध्ये काही ओहमचा रोध दिसला पाहिजे. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला, आणि मग सेन्सर बदलण्यावाचून इलाज नाही.

खरी परीक्षा गाडी तापल्यावर. इंजिन थंड असताना संगणक सेन्सरचं ऐकतच नाही. सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देते म्हणून सेन्सरवर संशय घेणं म्हणूनच फोल आहे. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणावी, मोकळ्या जागेत उभी करावी (बंद शेडमध्ये नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो), इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरावं आणि सिग्नल पाहावा. मीटरवर किंवा स्कॅनरच्या आलेखावर तो ०.१ आणि ०.९ च्या दरम्यान सतत वर-खाली झाला पाहिजे, दर सेकंदाला निदान एखादी फेरी. मग ॲक्सिलरेटर झटक्यात दाबावा, आकडा ०.८ च्या वर जायला हवा. झटक्यात सोडावा, तो शून्याजवळ यायला हवा. हे दोन्ही चटकन घडलं तर सेन्सर जिवंत आहे, मग कोड काहीही म्हणो. आकडा मध्येच ०.४५ च्या आसपास गोठला असेल तर वायर तुटल्याची किंवा सेन्सर न तापल्याची शंका घ्यावी. सगळं होतंय पण संथ होतंय, असं असेल तर सेन्सर म्हातारा झाला.

स्कॅनर असेल तर आणखी एक आकडा पाहावा, ‘फ्युएल ट्रिम’. संगणकाला ठरलेल्या फवारणीपेक्षा किती टक्के वाढ किंवा घट करावी लागतेय, ते यात दिसतं. उणे-अधिक दहाच्या आत असेल तर चिंता नको. अधिक वीस असेल आणि सेन्सर वरच्या परीक्षेत पास झाला असेल, तर तो खरंच सांगतोय. शोध फटीचा, पाइपाचा, पंपाचा करायचा. कन्व्हर्टरच्या मागे दुसरा सेन्सर असलेल्या गाडीत त्याचा आलेख जवळपास सरळ रेषेत हवा. तोही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टर संपत आला आहे.

सेन्सर मरतो तेव्हा मात्र चालढकल करू नये. हीटर असलेले सेन्सर साधारण एक लाख किलोमीटर चांगले चालतात, जुने बिनहीटरचे त्याच्या निम्मे. तो गेला की संगणक सावधगिरी म्हणून पेट्रोल जास्त सोडतो. ते न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते आणि दोन-चार हजारांचं काम दसपटीवर जातं. जुना सेन्सर कोमट पाइपावर, गंज सुटायचा द्रव मारून सोडवावा. नवा बसवताना आट्यांना लावायचा लेप टोकाला लागू देऊ नये. जवळ कुठे सिलिकॉनचं गॅस्केट-सीलंट वापरायचं असेल तर सेन्सरला चालणारंच घ्यावं, साध्याची वाफ टोकावर पांढरा थर धरते आणि नवा सेन्सरही मारते.

दिवाच काढून टाकणं, संगणकाला खोटा सिग्नल देणारं खेळणं जोडणं, कन्व्हर्टर कापून सरळ पाइप घालणं हे प्रकार सर्रास चालतात, आणि ते वाईट आहेत. धूर ज्या गावातून जातो तिथली मुलं तो श्वासात घेतात. शिवाय पीयूसीच्या वेळी पितळ उघडं पडतं. बीएस-३ गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्यापर्यंतच चालतो, बीएस-४ ला ०.३ पर्यंत. प्रमाणपत्र नसेल तर दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी वाढवायला पेणला जायचं तर हाच अडथळा आधी येतो.

तेव्हा केशरी दिवा लागला की गॅरेजमध्ये तीन गोष्टी मागाव्यात: कोडचा नेमका आकडा, तापलेल्या इंजिनावरचा सेन्सरचा आलेख आणि पाइपाच्या सांध्यांची तपासणी. ज्याच्याकडे हे मिळेल त्याला तपासणीचे वेगळे पैसे आनंदाने द्यावेत, तो वाचवणार त्यापेक्षा ते कमीच असतील. सेन्सर बदललाच तर जुना परत मागून घ्यावा आणि त्याचं टोक पाहावं. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात होतं, पांढरा खरखरीत थर असेल तर सिलिकॉन, तेलकट तपकिरी असेल तर इंजिन ऑइल पितंय. ते कारण दुरुस्त केल्याशिवाय नव्या सेन्सरचे पैसे मोजू नका.